खिडकीकडे वळणारा मॉनिटर

पिराजीने स्वतःच्या तोंडाने त्या मॉनिटरची इतकी तारीफ केली होती, की पुढे लोक शिव्या घालायला आले तेव्हा त्या नेमक्या कुणाला घालायच्या हे त्यांना शोधावं लागलं नाही. माणूस सगळ्यांच्या ओळखीचा होता.

तारीफही काही पारावर बसून केली नव्हती. चांगली संचालक मंडळाच्या भरल्या बैठकीत केली होती. साल सत्याऐंशी. मुरुमपासून दोन कोसांवरच्या त्या सहकारी साखर कारखान्याने कॉम्प्युटर घ्यायचं मनावर घेतलं होतं. दोन वर्षं पावसाने हुलकावणी दिलेली, विहिरींचे तळ उघडे पडलेले, गाळप निम्म्यावर येणार हे समोर दिसत असलेलं. पण ढोकीच्या कारखान्याच्या आधी आपल्याकडे कॉम्प्युटर आला पाहिजे ही संचालकांची हौस काही आटली नव्हती.

सोलापूरचा विक्रेता जीपमधून खोकी घेऊन आला. कॉम्प्युटरची पेटी एकच होती, पण तिच्यावर ठेवायचे मॉनिटर दोन तऱ्हेचे. एक रंगीत आणि एक नुसत्या हिरव्या अक्षरांचा. विक्रेत्याने दोन्ही टेबलावर मांडले आणि रंगीत पडद्यावर तांबड्या-निळ्या चौकटी नाचवून दाखवल्या. संचालक मंडळी खुर्च्यांमध्ये पुढे सरकली. रेवणप्पा नावाचे एक जुने संचालक तर उठून पडद्याला बोट लावून आले.

पिराजी दाराशी उभा होता. तो शेतकी विभागातला कारकून. बारा वर्षं ऊस नोंदीची वही त्याच्या हातात होती. कुणी किती एकर ऊस लावला, कोणत्या तारखेला लावला, हे त्या वहीत लिहायचं, समोर सभासदाचा अंगठा किंवा सही घ्यायची आणि लागणीच्या तारखेप्रमाणे नंबर टाकायचा. ज्याची लागण आधी, त्याचा नंबर आधी. नंबर आला की तोडणीची टोळी त्याच्या फडात जायची. चांगल्या सालात महिनाभर इकडे-तिकडे झालं तरी फारसं बिघडत नसे. दुष्काळात मात्र त्या नंबरावरच सगळं होतं, कारण विहीर आटली की उभा ऊस वाळून चिपाड होतो आणि चिपाडाला वजन नसतं.

कॉम्प्युटर शिकायला कारखान्याने त्यालाच पंधरा दिवस सोलापूरला धाडलं होतं. म्हणून अध्यक्षांनी त्याला विचारलं, "बोल, पिराजी. कोणचा घ्यावा?"

"रंग घेऊन काय करायचंय मालक? आपल्याला शिनेमा न्हाय बघायचा, नंबर बघायचाय," पिराजी म्हणाला. दोघेतिघे हसले तसा त्याला जोर चढला. तो सरळ टेबलापाशी गेला. हिरवा मॉनिटर एक तृतीयांश किमतीचा आहे, हे त्याने आधी सांगितलं. मग त्याचे गुण सांगायला लागला, ते एखादा बाप सोयरिकीला मुलीचे सांगतो तसे. अक्षर कसं ठसठशीत, काळ्यावर हिरवं, दिवसभर बघितलं तरी डोळ्याची आग होत नाही. चौदा इंचाचा, म्हणजे शेतकी ऑफिसच्या खिडकीबाहेरून चार हातांवरून वाचता येतो. खाली ही दोन बटणं, एकाने उजेड कमी-जास्त करायचा, दुसऱ्याने अक्षर गडद करायचं, त्यामुळे दुपारचं ऊन तोंडावर आलं तरी फिकट पडत नाही. वीज कमी खातो. गार खोलीचे लाड लागत नाहीत.

"आन् सगळ्यात म्होरचं म्हंजी ह्याची मान फिरती," तो म्हणाला, आणि एका बोटाने त्याने मॉनिटर बुडाखालच्या बैठकीवर गर्रकन रेवणप्पांकडे वळवला. "रंगीतवाल्याची फिरत न्हाय."

"आन् याद्या कागदावर छापायचं मशीन?" रेवणप्पांनी विचारलं. "त्ये बी घ्यावं लागंल की."

"कशाला? पडदाच खिडकीकडं वळवला की मेंबर आपल्या डोळ्यानं नंबर बघंल. कागद लपवता येतो मालक. पडदा कसा लपवणार?"

आपण संचालकांच्या तोंडावर लपवालपवीची भाषा केली, हे पिराजीच्या लक्षात आलं आणि त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तेवढ्यात शेतकी अधिकारी बसवराज खुर्चीतून म्हणाले, "पिराजी म्हणतोय तेच बरोबर आहे. हिरवा घ्या. छपाईचं मशीन नको." बसवराजांचा शब्द मंडळात चालायचा. हिरवा मॉनिटर आला.

बसवराजांना सगळा कारखाना साहेब म्हणायचा. पिराजी एकटा अण्णा म्हणायचा, तेही दोघंच असतील तेव्हा. त्यामागे एक गोष्ट होती. पिराजी पंचाहत्तर साली नोकरीला लागला तेव्हा ऑफिसात त्याचा पाण्याचा पेला खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. बुद्धाची तसबीर घरात लावली म्हणून ऑफिसातल्या पेल्याला ते कळत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात बसवराज जेवायच्या सुट्टीत त्याच्या टेबलाशी आले, खुर्ची ओढली, न विचारता त्याचा डबा उघडला आणि त्यातली बाजरीची भाकरी मोडून तोंडात घातली. आपला डबा त्याच्यापुढे सरकवला. गौराबाईंनी, म्हणजे त्यांच्या घरच्यांनी, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी दिली होती. साऱ्या ऑफिसाने बघितलं. दुसऱ्या दिवशी खिडकीतला पेला गेला. त्यानंतर बारा वर्षं दोघांचे डबे एकाच टेबलावर उघडत होते. या माणसासाठी पिराजीने विहिरीत उडी टाकली असती, आणि दुष्काळातल्या विहिरीत सुद्धा टाकली असती.

पिराजीचं दुसरं माणूस म्हणजे त्याची थोरली बहीण, हरणाबाई. बाहत्तरच्या दुष्काळात तिने रोजगार हमीवर खडी फोडून त्याला मॅट्रिक केलं. नवरा गेल्यावर तिला सासरचे दोन एकर आले आणि त्यात एक विहीर. शहाऐंशीच्या जुलैत, बाकीचे आभाळाकडे बघत बसले होते तेव्हा, तिने विहिरीच्या भरवशावर लागण केली. पाणी कमी पडायला लागल्यावर सरीत पाचट अंथरलं, एक सरी सोडून एक सरी भिजवली, आणि उन्हाळ्यात तर घागरीने पाणी घातलं. गावाने तिला वेडी ठरवली. पण ऊस जगला. लागणीची तारीख लवकरची, म्हणून गटातल्या ब्याऐंशी सभासदांत तिचा नंबर अकरावा लागला. अकरावा म्हणजे डिसेंबरचा पहिला आठवडा. विहीर जानेवारीच्या पुढे जाणार नाही, हे तिने दोर मोजून ठेवलं होतं. डिसेंबरात तोड मिळाली तर सगळं सोनं; नाही मिळाली तर दीड वर्षाची घागर न् घागर वाया.

कॉम्प्युटरात नोंदी भरायला पिराजीला सगळा सप्टेंबर लागला. वही डाव्या हाताला आणि बोटं बटणांवर. वहीचा त्याला आताशा कंटाळा आला होता. वहीत आकडा चुकला तर खोडायची सुद्धा रीत होती. जुन्या आकड्यावर तांबड्या शाईची एकच रेघ ओढायची, तीही अशी की खालचा आकडा वाचता यावा. बाजूला नवा लिहायचा, सही करायची आणि सभासदाचा अंगठा पुन्हा घ्यायचा. बारा वर्षांत पानं अशी गिचमिड झाली होती की बघून लाज वाटावी. पडद्यावर सगळं कसं स्वच्छ होतं.

एके दिवशी दुपारच्या सुट्टीत बसवराजांनी दार लोटून घेतलं. "मला बी शिकव रे हे. पण कुणाला सांगू नको. या वयात शिकायला बसलो म्हणून ऑफिस हसेल."

पिराजीचं मन भरून आलं. आठ दिवस, डबे संपले की तो अण्णांना शिकवायचा. हा चौकोन इथं न्यायचा. हा आकडा पुसायचा. हा नवा घालायचा. हे बटण दाबलं की झालं. अण्णांची बोटं जाड, बटणं दोन-दोन दाबली जायची, आणि दोघं हसायचे.

"आन् पुसलेला आकडा कुठं जातो?" अण्णांनी एकदा विचारलं.

"कुठं न्हाय अण्णा," पिराजी हसत म्हणाला. "जातोच."

बसवराजांनी मान हलवली आणि तोच आकडा पुन्हा एकदा पुसून बघितला. ज्यात त्या नोंदी साठवलेल्या असायच्या त्या फ्लॉपीच्या कपाटाची किल्ली पिराजीने आपण होऊन त्यांच्याकडे दिली. साहेबाकडे असावी, असं त्याला वाटलं.

ऑक्टोबरात बॉयलर पेटवायचा समारंभ झाला. दरसाल हंगामाच्या तोंडावर अध्यक्षांच्या हस्ते बॉयलरच्या भट्टीत अग्नी घालतात. मांडव पडतो, गावोगावचे सभासद येतात. आदल्या दिवशी बसवराज पिराजीला म्हणाले, "जुनी वही उद्या अग्नीत घालू. तुझ्या हातानं. नवं सुरू झालं हे लोकांना दिसू दे."

पिराजी जरा थबकला. "राहू द्या की कपाटात अण्णा. काय खायला मागती का ती?"

"कपाटात राहिली तर रोज एकजण ताडून बघायला येणार. वही बघू, पडदा बघू. मग तुझ्या मशीनवर कोण इस्वास ठेवील? का तुझाच बसला न्हाय अजून?"

झालं. एवढं म्हटल्यावर पिराजी कशाला माघार घेतोय? शहाणा माणूस कुणाला फशी पडतो, तर ज्याला त्याची फुशारकी ठाऊक असते त्याला. दुसऱ्या दिवशी लाउडस्पीकरवर त्याचं नाव पुकारलं. त्याच्या घराण्यातलं कुणी त्या चौथऱ्यावर कधी चढलं नव्हतं. नारळ-कुंकवाच्या भानगडीत तो पडला नाही, नुसती वही दोन्ही हातांनी धरून भट्टीच्या दारापाशी गेला. आधी म्हणाला, "आजपासून कुणाचा नंबर कुणाला विचारायला नको. पडदा खोटं बोलत न्हाय." मग वही आत सारली. जाड पुठ्ठा लगेच धरेना, मग पानं सुटी झाली आणि अंगठ्यांच्या रांगा काळ्या पडत गेल्या. मांडवाने टाळ्या वाजवल्या.

बायकांच्या घोळक्यात हरणाबाईनेही वाजवल्या. समारंभ उरकल्यावर ती भावाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "माझा अंगठा बी गेला की रं त्यात."

"आता त्याची गरज न्हाय आक्का."

नोव्हेंबरात गाळप सुरू झालं. शेतकी ऑफिसच्या खिडकीत मॉनिटर बसला, आणि पहिले पंधरा दिवस तो बघायला जत्रा लोटली. पिराजी दर माणसाला मान वळवून दाखवायचा, उजेडाचं बटण फिरवून दाखवायचा. पडद्यावरची नावं इंग्रजीत होती, ती वाचणारे थोडे. पण आपला आकडा ओळखायला त्याने प्रत्येकाला शिकवलं. हरणाबाईला तर एका मिनिटात आलं.

"ही बघ, दोन काठ्या उभ्या हायत. त्यांच्या म्होरं लिवलंय ती तू."

"दोन काठ्या म्हंजी अकरा व्हय?"

"अकरा."

ती काचेकडे बघत राहिली. मग पदराने खिडकीच्या बाजूने काच पुसली आणि घरी गेली. त्यानंतर बाजाराला आली की ती खिडकीशी यायची, दोन काठ्या बघायची आणि जायची. नंबर सरकत होते. सात झाला, आठ झाला. विहिरीला अजून दीड परस, म्हणजे दीड माणूस बुडेल एवढं, पाणी होतं.

डिसेंबरच्या चार तारखेला, शुक्रवारी, ती टोळी कधी येणार हे विचारायला आली. दुपारची सुट्टी नुकती संपली होती आणि खिडकीशी पंधरा-वीस माणसं होती. पिराजी पाणी पिऊन जाग्यावर बसला, बहिणीला बघून हसला आणि नेहमीच्या ऐटीत मॉनिटरची मान वळवली.

"बघून घे. सोमवारी कोयता लागतोय तुझ्या फडाला."

हरणाबाईने बघितलं. पुन्हा बघितलं. मग म्हणाली, "पिराजी, काठ्या हायत. पर त्यांच्या म्होरचं नाव दुसरं दिसतंय."

"दुसरं कसं असंल?" तो म्हणाला आणि मॉनिटर आपल्याकडे वळवला.

अकराच्या पुढे रेवणप्पांच्या मेव्हण्याचं नाव होतं, कल्याणप्पा. लागणीची तारीख वीस जुलै. पिराजीने यादी खाली खाली नेली. हरणाबाई चौसष्टाव्या नंबरावर सापडली. लागण ऑक्टोबर. चौसष्ट हा कल्याणप्पाचा नंबर, पिराजीने स्वतः लिहिला होता, ऑक्टोबरची तारीख त्याने स्वतः घातली होती. दोन नावं नुसती अदलाबदल करून ठेवली होती. आणि पडदा पहिल्यासारखाच लखलखीत होता. कुठे रेघ नाही, कुठे सही नाही, बोट ठेवायला जागा नाही.

काल संध्याकाळपर्यंत दोन काठ्यांपुढे बहिणीचंच नाव होतं. आज सुट्टीत तो टोळीच्या मुकादमाला भेटायला गव्हाणीवर, म्हणजे गाड्यांतला ऊस उतरवतात तिथे, गेला होता, अण्णांनीच धाडलं होतं. तेवढ्या वेळात डब्याच्या टेबलाशी, मशीनजवळ, अण्णा एकटे होते.

"काय झालं रं?" हरणाबाईने विचारलं.

बसवराज केबिनमधून बाहेर आले. "काय गोंधळ आहे?"

"अण्णा," पिराजी सगळ्यांसमोर पहिल्यांदाच अण्णा म्हणाला. "नंबर बदललाय."

"कुणी?"

पिराजीने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. अजूनही त्याला वाटत होतं की अण्णा म्हणतील, थांब, बघतो, दोन-दोन बटणं दाबली गेली असतील माझ्या हातून. त्याने मनातल्या मनात माफ सुद्धा करून टाकलं होतं.

"मशीन तुझ्या ताब्यात. भरलंस तू," बसवराज म्हणाले. "मला तर त्यातलं अक्षर कळत नाही. भरताना चुकला असशील."

"अण्णा, आठ दिस मी तुमाला…" म्हणता म्हणता पिराजी थांबला. दार लोटलेलं होतं. कुणी बघितलं होतं?

"आणि अकरावा नंबर कुणाचा होता म्हणतोस?" बसवराजांनी आवाज चढवला नाही. उलट जरा खाली आणला, म्हणून तो शेवटच्या माणसापर्यंत गेला. "हरणाबाईचा? तुझ्या सख्ख्या बहिणीचा?"

खिडकीबाहेर कुजबुज झाली. एकजण म्हणाला, तरीच म्हणलं हा मशीनचे एवढे गोडवे का गातोय. दुसरा म्हणाला, वही का जाळली ते आता कळलं. नागप्पा नावाचा एक म्हातारा सभासद, ज्याचा नंबर पिराजीने बारा वर्षांत एकदाही इकडचा तिकडे केला नव्हता, तो काचेवर काठी आपटून म्हणाला, "पडदा खोटं बोलत न्हाय म्हणला हुतास न्हवं? मग आता तूच का बोलायला लागलास?"

पिराजीचा हात सवयीने डाव्या बाजूला गेला. तिथे वही असायची. चाळून पान काढायचं, बोट ठेवायचं, हा बघा अंगठा, ही बघा तारीख, आणि साऱ्यांची तोंडं बंद. हात रिकाम्या टेबलावर फिरून परत आला. हरणाबाईने तो बघितला. पदर डोक्यावर घेतला आणि बाहेरच्या बाहेर निघून गेली.

ऑफिस रिकामं झाल्यावर पिराजी केबिनमध्ये गेला. बसवराज शिल्लक डबा उघडून बसले होते. त्यांनी तो त्याच्याकडे सरकवला.

"जेव. सकाळपासून काही खाल्लं नाहीस."

"का केलं अण्णा?"

बसवराजांनी भाकरीचा तुकडा मोडला. "रेवणप्पांचं ऐकावं लागतं रे. माझी बदली त्यांनी दोनदा थांबवली. दोन एकर ऊस तो. पुढल्या साली तिचा पहिला घालू."

"पुढल्या साली कुठला ऊस? विहीर जानेवारीत आटती तिची. तुमाला ठावं हाय." मग त्याने विचारलं, "पुसलेला आकडा कुठं गेला अण्णा?"

"तूच म्हणला होतास की," बसवराज म्हणाले. "जातोच."

ते कुत्सितपणे बोलले नाहीत, आणि त्याचाच पिराजीला जास्त संताप आला. बारा वर्षांपूर्वी याच माणसाने भर ऑफिसात त्याच्या डब्यातली भाकरी मोडली होती. तेव्हा ती खरीच मोडली होती, खोटी नव्हती, हे त्याला पक्कं माहीत होतं. खोटी असती तर शिवी देऊन मोकळं होता आलं असतं. त्याने डब्याला हात लावला नाही. त्या दिवसानंतर तो आपली भाकरी बाहेर लिंबाखाली बसून खाऊ लागला.

त्याने अध्यक्षांना अर्ज दिला. अध्यक्ष म्हणाले, यादीत तर चौसष्टच आहे, पुरावा आण. दुसरा अर्ज दिला, त्याला उत्तरच आलं नाही. नावाला म्हणून छपाईचं मशीन तरी असतं तर नोव्हेंबरची एखादी यादी कुणाच्या तरी खिशात सापडली असती. पण ते नको असं भर बैठकीत सांगणारा शहाणा तोच होता.

मग त्याने मुरुमच्या बाजारातून एक जाड वही आणली, एक तांबडी शाई आणि अंगठ्यांसाठी एक शाईचा डबा. मॉनिटरची मान भिंतीकडे वळवली आणि वही खिडकीत ठेवली. येईल त्याला तो सांगू लागला, तुमचा नंबर काय दिसतोय ते इथं लिहितो, अंगठा द्या, पुन्हा कुणाला पुसता यायचा नाही. काहींनी दिला. काही हसले. नागप्पाने डब्यात अंगठा बुडवला, वहीवर टेकवला नाही, तसाच खिडकीच्या चौकटीला पुसून गेला.

जानेवारी सरत आली तेव्हा पिराजी वही काखेत मारून बहिणीच्या रानात गेला. दोन महिन्यांत तो गेला नव्हता. काय तोंड घेऊन जाणार? विहिरीवर मोटर बंद होती आणि दोर नुसताच कडेला पडला होता. फडाला तुरे आले होते, पाती पिवळी पडून खाली आली होती. हरणाबाई एकटी कोयता घेऊन ऊस तोडत होती, दावणीच्या दोन जनावरांना चारा म्हणून.

तो बांधावर उभा राहिला. तिने बघितलं आणि तोडत राहिली.

"आक्का," शेवटी तोच बोलला. "नवी वही केलीया. लागणीची खरी तारीख लिवतो. तू अंगठा दे. म्या वरपर्यंत घेऊन जातो, उस्मानाबादला जातो, पार साखर संचालकापर्यंत जातो."

त्याने वही बांधावर उघडली आणि शाईच्या डब्याचं झाकण काढलं. हरणाबाई आली, त्याच्यासमोर उभी राहिली. कोयता तिने पायाशी ठेवला. उजवा अंगठा बघितला, त्याला पाचटाने चिरा पडल्या होत्या.

"एकडाव दिला हुता पिराजी," ती म्हणाली. "तू जाळलास."

ती रागात नव्हती. खडी फोडून आणलेल्या पैशातून शाळेची वही हातात देताना ती ज्या आवाजात बोलायची, त्याच आवाजात बोलली. पिराजीला वाटलं, हिने कोयता उगारला असता तर बरं झालं असतं.

त्याने झाकण लावलं आणि वही मिटली. हरणाबाईने तोडलेला ऊस गोळा केला, वाळल्या पाचटाचा बंध करून आवळला आणि डोक्यावर चुंबळ ठेवली.

"आता आलाच हायस तर भारा लाव डोक्यावर."

एवढा भारा उचलायला दरसाल दोन माणसं लागायची, एकाने वरून धरायचा आणि एकाने खालून. पिराजी सवयीने गुडघ्यात वाकला, दोन्ही हात घातले, श्वास भरला. मग एक हात काढून घेतला. भारा त्याच्या एकाच हाताने वर आला.